आर रेटिक्युली आणि मद्रासचे रघुनाथाचारी

स्थैर्याला आपल्या भाषेत ध्रुवाची उपमा देतात. अढळपद म्हटले की ध्रुव आठवतो. त्याचे स्थान आपल्या दृष्टीने जवळजवळ अढळ आहे, हे खरेच. परंतु त्याचे तेज मात्र अढळ नाही. सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने ते किंचित कमी-अधिक होत असते. ज्यांचे तेज असे बदलते त्यांना मराठी खगोलशास्त्रात ‘रूपविकारी तारे’ म्हणतात. शब्द थोडा जड वाटतो. पण इंग्रजी शब्दाला नुसता ‘बदलता’ म्हणून भागवण्यापेक्षा तो अधिक अर्थपूर्ण आहे, असे मला वाटते. आज लाखो रूपविकारी तारे ज्ञात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच ताऱ्याविषयी लिहावयाचे आहे. तो अंधुक आहे, दक्षिणेच्या क्षितिजालगत आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसेल. तो रूपविकारी आहे हे मात्र प्रथम एका भारतीय माणसाच्या ध्यानात आले, भारतातल्याच वेधशाळेत, १८६७ सालच्या जानेवारी महिन्यात. ताऱ्याचे नाव आर रेटिक्युली आणि त्या माणसाचे नाव चिंतामणी रघुनाथाचारी.

हा तारा आकाशात कोठे आहे हे सांगणे सोपे आहे, कारण आपल्या ओळखीची एक तारका त्याची वाट दाखवते. जानेवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास रोहिणी जवळजवळ आपल्या माथ्यावर येते. रोहिणीचा तांबूस रंग साध्या डोळ्यांनाही कळतो. तिथून दक्षिणेकडे तोंड करून नजर सरळ खाली आणत जावे. मृग डाव्या हाताला राहतो, अगस्त्यही डावीकडेच, आग्नेय दिशेला दिसतो. नजर क्षितिजाच्या अगदी जवळ पोचली की जो रिकामा वाटणारा भाग येतो, तेथे आर रेटिक्युली आहे. रोहिणी आणि हा तारा यांच्या विषुवांशांत जेमतेम दोन-तीन मिनिटांचे अंतर आहे, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच वेळी याम्योत्तर वृत्त ओलांडतात. फरक आहे तो क्रांतीचा. रोहिणी विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसोळा अंश, तर आर रेटिक्युली दक्षिणेस त्रेसष्ट अंश. एखाद्या गावाचा अक्षांश आणि त्रेसष्ट यांची बेरीज नव्वदातून वजा केली, की हा तारा त्या गावाहून क्षितिजावर जास्तीत जास्त किती अंश चढतो ते मिळते. नागपूरहून सहा अंशही पुरते नाहीत, मुंबईहून आठ, कोल्हापूरहून दहा, पणजीहून साडेअकरा आणि मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, सुमारे चौदा. लंडनजवळच्या ग्रिनिचहून हा तारा कधीच उगवत नाही. युरोपातल्या मोठमोठ्या वेधशाळांना या भागातले काही दिसतच नव्हते. तेव्हा असे तारे पाहायचे तर ते दक्षिण आफ्रिकेतील केपच्या किंवा आपल्या मद्रासच्या वेधशाळेतून, ही गोष्ट पुढील हकिकतीत महत्त्वाची आहे.

ताऱ्याच्या नावातही थोडा इतिहास आहे. निकोला लुई द लाकाय हा फ्रेंच ज्योतिर्विद १७५१ मध्ये केपला गेला आणि त्याने दक्षिणेकडील सुमारे दहा हजार ताऱ्यांचे वेध घेतले. ज्या भागांना जुनी नावे नव्हती, तेथे त्याने चौदा नवे तारकासमूह मांडले. आपल्याकडे किंवा ग्रीकांकडे असते तर तेथे एखादा ऋषी, राक्षस किंवा वीर जाऊन बसला असता. लाकायने तेथे आपली हत्यारे ठेवली: दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, हवा काढायचा पंप. दुर्बिणीच्या नेत्रिकेत ताऱ्याची जागा मोजण्यासाठी ताणलेली बारीक जाळी असते. तिलाही त्याने आकाशात स्थान दिले. तोच रेटिक्युलम समूह. आकार लहान, ठळक तारा एकही नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन ज्योतिर्विद आर्गेलांडर याने रूपविकारी ताऱ्यांना नावे देण्याची पद्धत घातली. त्या त्या समूहातल्या रूपविकारी ताऱ्यांना आर या अक्षरापासून पुढे क्रमाने अक्षरे द्यावयाची, कारण त्याआधीची अक्षरे इतर ताऱ्यांसाठी वापरली गेली होती. म्हणजे ‘आर रेटिक्युली’ या नावाचा अर्थ एवढाच की रेटिक्युलम समूहात नाव मिळालेला हा पहिला रूपविकारी तारा. शोधकाचे नाव या पद्धतीत कोठेच येत नाही. धूमकेतूला शोधकाचे नाव मिळते, ताऱ्याला अक्षर मिळते.

या ताऱ्याच्या जातीचा मूळपुरुष तिमिंगल समूहात आहे. १५९६ साली डेव्हिड फॅब्रिशियस या धर्मोपदेशकाला तेथे एक तारा दिसला, जो काही आठवड्यांनी दिसेनासा झाला. पुढे १६३८ मध्ये हॉलंडमधील होलवर्डा याने तो तारा नाहीसा होतो आणि सुमारे अकरा महिन्यांनी पुन्हा प्रकटतो हे दाखवून दिले. हेवेलियसने त्याला ‘मीरा’ म्हटले. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘आश्चर्यकारक’. आपल्या संत मीराबाईशी त्याचा संबंध नाही, जरी नाव ऐकताच मराठी माणसाला तीच आठवते. आर रेटिक्युली हा मीरा जातीचा तारा. त्याचे आवर्तन सुमारे २७८ दिवसांचे. मीरा मात्र आपल्या ऐन बहरात नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. आर रेटिक्युली सर्वांत तेजस्वी असतानाही डोळ्यांच्या मर्यादेच्या जरासा पलीकडे राहतो.

किती पलीकडे, हे सांगण्यासाठी ताऱ्यांच्या ‘प्रती’ची कल्पना समजून घ्यावी लागते. ग्रीकांच्या काळापासून ठळक ताऱ्यांना पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणाऱ्यांना सहाव्या प्रतीचे म्हणण्याचा प्रघात होता. आपल्याकडे परीक्षेत पहिला नंबर मोठा, तसेच हे: आकडा वाढला की तेज कमी. परंतु एका प्रतीत आणि दुसऱ्या प्रतीत नेमके किती पट अंतर, हे ठरलेले नव्हते. ते १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाने सुचविले. पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, असे मानावे. एका प्रतीला मग २.५१२ पट येते, आणि अडीच प्रतींना दहा पट. हेच प्रमाण आज जगभर रूढ आहे. आर रेटिक्युली आपल्या परमावधीला साधारण साडेसहाव्या प्रतीचा असतो आणि उतरत उतरत चौदाव्या प्रतीपर्यंत जातो. साडेसात प्रतींचा फरक. पाचाचे शंभर, अडीचाचे दहा, गुणाकार हजार. नऊ-साडेनऊ महिन्यांच्या अवधीत या ताऱ्याचे तेज हजारपटीने चढते आणि उतरते. परमावधीला साधी द्विनेत्री पुरते; तळाशी असताना मोठी दुर्बीण लावूनही तो शोधावा लागतो.

हाच पॉग्सन १८६१ च्या आरंभी मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि १८९१ मध्ये तेथेच वारला. मद्रासची वेधशाळा त्यापूर्वीच नावाजलेली होती. विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ च्या सुमारास ती खाजगी रीतीने सुरू केली, कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची इमारत उभी राहिली. तेथील ग्रॅनाइटच्या खांबावर तमिळ, तेलुगू अशा देशी भाषांतही लेख कोरलेला आहे, आणि तो खांब आजही जागेवर आहे. टेलर नावाच्या ज्योतिर्विदाने येथूनच अकरा हजारांवर ताऱ्यांची यादी तयार केली, ती १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली. देशभरच्या आगगाड्या एके काळी मद्रासच्या वेळेवर धावत, ती वेळही याच वेधशाळेची. पॉग्सनने येताच, १८६१ च्या एप्रिलमध्ये, एक लघुग्रह शोधला आणि त्याला ‘एशिया’ असे नाव दिले, कारण आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह होता. रूपविकारी तारे हा तर त्याच्या आवडीचा विषय.

तथापि वेधशाळेचे रोजचे काम वेगळेच होते. १८६२ पासून तेथे एक नवे याम्योत्तर यंत्र चालू झाले. या यंत्रातली दुर्बीण पूर्व-पश्चिम आसावर बसवलेली असते आणि फक्त दक्षिणोत्तर फिरते, आजूबाजूला वळत नाही. ज्या ताऱ्याचा वेध घ्यायचा त्याच्या उंचीवर ती लावून ठेवायची आणि वाट पाहायची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा आपण होऊन दृष्टिक्षेत्रात येतो, बारीक उभ्या तारा एकामागून एक ओलांडतो आणि निघून जातो. तारा ओलांडल्याची घड्याळातील वेळ टिपली की विषुवांश मिळतात. यंत्राच्या चक्रावरील अंश वाचले की क्रांती मिळते. सोबत ताऱ्याची प्रत डोळ्यांनी अजमावून लिहावयाची. एक झाला की दुसरा. या यंत्रावर १८८७ पर्यंत वेध घेतले गेले आणि पाच हजारांवर ताऱ्यांची स्थाने निश्चित झाली. हे काम करणारांमध्ये प्रमुख होते ते वेधशाळेचे पहिले सहायक रघुनाथाचारी.

कार्यालयात टिपणे काढणाऱ्या कारकुनाच्या कामाहून हे काम फारसे निराळे नाही, असे कोणी म्हणेल. एका अर्थी ते बरोबर आहे. पंचवीस वर्षे रोज रात्री तेच करायचे, आणि त्यातून मिळवायचे काय, तर आकड्यांचे रकाने. परंतु याच रकान्यांतून आर रेटिक्युली सापडला. ताऱ्याची प्रत नोंदवलेल्या प्रतीशी जुळत नाही, असे वेध घेणाराला आढळते तेव्हा त्याच्यासमोर तीन शक्यता असतात. पूर्वी लिहिणाराने चुकीचे लिहिले असेल. आज आपल्या डोळ्यांची किंवा हवेची काही गडबड असेल. किंवा ताराच बदलला असेल. पहिल्या दोन शक्यता इतक्या सोयीच्या आहेत की बहुतेक जण तेथेच थांबतात. त्यातून हा तारा क्षितिजापासून केवळ चौदा अंशांवर! इतक्या खाली हवेचा थर जाड असतो, धुके आणि धूळ असते, समुद्रावरची वाफ असते. अंधुकपणाचे खापर हवेवर फोडायला भरपूर सवड. तिसरी शक्यता स्वीकारायची तर आधीच्या आपल्या नोंदींवर आणि आजच्या डोळ्यांवर सारखाच विश्वास हवा, आणि शेजारचे तारे नेहमीसारखेच दिसत आहेत ना, हे पडताळलेले हवे. रघुनाथाचारींनी ती स्वीकारली आणि ते बरोबर निघाले. त्या काळी साऱ्या जगात ज्ञात रूपविकारी ताऱ्यांची संख्या शे-सव्वाशेच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाची किंमत कळते. आधुनिक काळात भारतीय माणसाने लावलेला ताऱ्यासंबंधीचा पहिला शोध म्हणून इतिहासकार याच शोधाचा उल्लेख करतात.

रघुनाथाचारी हे परंपरेने पंचांगकर्त्यांच्या घरातले होते. माझ्या मते या शोधाचे खरे रहस्य येथे आहे. त्या काळी पंचांगे जुन्या करणग्रंथांवरून केली जात. त्या ग्रंथांतील ग्रहगती मूळ काळात पुष्कळ बरोबर असल्या, तरी शतकानुशतके साठलेल्या सूक्ष्म फरकामुळे पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, अशी स्थिती झाली होती. ग्रहणाच्या वेळा चुकत. ग्रहणाची वेळ ही अशी गोष्ट की ती चुकली की रस्त्यावरच्या माणसालाही कळते. मग प्रश्न आला: पंचांग ग्रंथाप्रमाणे करावे की डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे? रघुनाथाचारींनी दुसरा पक्ष घेतला आणि ‘दृग्गणित पंचांग’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला. दृक् म्हणजे दृष्टी. जे गणित दृष्टीशी जुळते ते दृग्गणित.

हा वाद मराठी वाचकाला परका नाही. याच दशकात आपल्याकडे प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहगणित मराठीत आणले आणि त्यावरून ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत राहून तिकडे हेच करीत होते. लोकमान्य टिळक हे केरोपंतांचे विद्यार्थी. पंचांगशुद्धीची तळमळ त्यांना गुरूंकडूनच मिळाली. आणि या साऱ्या मंडळींचा एकत्रित वृत्तांत ज्यांनी लिहून ठेवला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षितही आपलेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ या १८९६ मधील ग्रंथात मद्रासच्या रघुनाथाचारींची नोंद आहे. पुढे १९६९ आणि १९८१ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर दोन भागांत भारत सरकारच्या हवामान खात्याने प्रसिद्ध केले. मद्रासच्या या माणसाविषयी देशातील अभ्यासकांना जी माहिती मिळत आली, तिचा एक मोठा आधार मराठी ग्रंथ आहे. आपल्या ग्रंथालयात कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडणाऱ्या पुस्तकांत तो असेल, तर विद्यार्थ्यांनी तो एकदा खाली काढावा. इतिहास आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी तर अवश्य.

तेव्हा पंचांगाच्या बाबतीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा दिसणाऱ्या ग्रहाला मान देणारा माणूस, ताऱ्याच्या बाबतीतही तेच करतो, यात नवल ते काय? दोन्ही ठिकाणी त्याने घेतलेला निर्णय एकच आहे. एक निर्णय घेताना त्याला शास्त्रीमंडळींचा विरोध पत्करावा लागत होता, दुसरा घेताना यादीतल्या छापील आकड्याचा. आपण पुष्कळदा असे समजतो की जुन्या विद्येत वाढलेल्या माणसाने पाश्चात्त्य यंत्राला हात लावला की त्याचे जुने गळून पडते. रघुनाथाचारींच्या बाबतीत तसे झालेले दिसत नाही. दिवसा पंचांगाचे गणित आणि रात्री याम्योत्तर यंत्र, ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकाच विद्येची होती. १८७४ च्या डिसेंबरमध्ये शुक्राचे अधिक्रमण झाले, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून गेला. त्या वेळी ही घटना सामान्य लोकांना समजावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली, तीही केवळ इंग्रजीत नव्हे तर देशी भाषांतून. १८६८ च्या ऑगस्टमधील सुप्रसिद्ध खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉग्सन स्वतः मच्छलीपट्टणला गेला आणि निजामच्या मुलुखातील वनपर्ती येथे पाठवलेल्या तुकडीचे काम रघुनाथाचारींकडे होते.

श्रेयाच्या बाबतीत त्यांचे नशीब अगदीच वाईट नव्हते. पॉग्सनने शोधाचे श्रेय आपल्या सहायकाला दिले, आणि १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. याच वेधशाळेत पॉग्सनची कन्या आयसिस १८७३ पासून गणनाचे काम करीत होती. तिचे नाव १८८६ मध्ये त्याच सोसायटीपुढे आले, पण स्त्रियांना सदस्य करता येत नाही या कारणावरून ते मागे पडले. तिला ते सदस्यत्व १९२० मध्ये मिळाले. देशी माणसाला दार उघडले आणि साहेबाच्या मुलीला बंद राहिले, असा हा उलटा प्रकार. रघुनाथाचारी १८८० च्या फेब्रुवारीत वारले. वेधशाळेचे खगोलविषयक काम १८९९ पासून कोडाईकनालला गेले, आणि मद्रासमध्ये उरले ते हवामानाच्या नोंदी आणि तो खांब.

आता हा तारा असा का वागतो, याकडे वळू. येथे विज्ञान शाखेच्या मित्रांनी थोडी सवलत द्यावी. आर रेटिक्युली हा तांबडा राक्षसी तारा आहे. कोणताही सूर्यासारखा तारा आपल्या गाभ्यातील हायड्रोजन जाळून हीलियम करीत जगतो. हायड्रोजन सरला की गाभा आकसतो आणि बाहेरचे थर फुगतात. अखेरीस हीलियमही सरते, गाभ्यात कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक लहान, अतिशय घन गोळा उरतो, त्याभोवती हीलियम व हायड्रोजन यांची पातळ कवचे जळत राहतात, आणि बाहेरचा वायू सूर्याच्या शेकडो पट व्यासाचा फुगा होऊन बसतो. असा तारा सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाण्याचा संभव आहे. पृष्ठभाग मात्र थंड. सूर्याचा साडेपाच हजार अंश, तर याचा तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून रंग तांबडा. रोहिणी हीसुद्धा राक्षसी ताराच आहे, पण तिची मजल अजून इतकी पुढे गेलेली नाही.

इतक्या फुगलेल्या ताऱ्याला आपल्या बाहेरच्या थरांवर घट्ट पकड ठेवता येत नाही. ते आवर्तनाने पसरतात आणि आकसतात, लोहाराच्या भात्यासारखे. या हालचालीलाच स्पंदन म्हणतात. एका स्पंदनाला आपल्या ताऱ्याच्या बाबतीत २७८ दिवस लागतात. स्पंदनाबरोबर तापमान वरखाली होते. पण त्यामुळे हजारपट फरक पडावा कसा? तारा दर वेळी हजारपट ऊर्जा कमी-जास्त थोडाच करतो! त्याची एकूण ऊर्जा त्या मानाने बेताचीच बदलते. गंमत दोन गोष्टींत आहे. एक, इतक्या थंड ताऱ्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत असते, जी आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दृश्य प्रकाश म्हणजे तिचे टोक. तापमान जरा उतरले की हे टोक फार झपाट्याने कमी होते. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. तापमान उतरले की ताऱ्याच्या वातावरणात टिटॅनियम ऑक्साइडचे रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात, आणि हे रेणू नेमका दृश्य प्रकाशच शोषून घेतात. घरांना लावायच्या पांढऱ्या रंगात याच टिटॅनियमचे दुसरे एक ऑक्साइड असते. येथे मात्र ते पडद्याचे काम करते. दिवा फारसा मंद झालेला नसतो, काच काजळलेली असते. पुन्हा तापमान चढले की रेणू फुटतात, काच स्वच्छ होते. शिवाय स्पंदनामुळे वातावरणातून आघात-तरंग वर चढतात आणि वायू तापवतात, त्यामुळे वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा उमटतात. मीरा जातीच्या ताऱ्यांची ही खूणच आहे.

ही अवस्था फार काळ टिकत नाही. प्रत्येक स्पंदनासोबत थोडे द्रव्य अवकाशात निसटत असते. शेवटी बाहेरचा फुगा पार उडून जातो, काही काळ तो बिंबाभ्रिका म्हणून चमकतो, आणि मध्ये उरलेला कार्बन-ऑक्सिजनचा गोळा श्वेत लघुतारा होऊन हळूहळू निवत जातो. आपल्या सूर्याचीही सुमारे पाचशे कोटी वर्षांनंतर हीच वाट आहे.

या ताऱ्याला शेजारी मिळाला आहे तोही नामांकित. आर रेटिक्युलीपासून फक्त एक अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची दोन बिंबे मावतील एवढ्या अंतरावर, आर डोराडूस हा दुसरा तांबडा राक्षसी रूपविकारी तारा आहे. तारकासमूहाची हद्द मधून गेल्याने नाव वेगळे झाले एवढेच. हा पृथ्वीपासून सुमारे १८० प्रकाशवर्षांवर आहे, आणि आकाशात सूर्य सोडला तर सर्वांत मोठे दिसणारे बिंब याचेच, असे १९९७ मध्ये आढळून आले. अर्थात तेही इतके सूक्ष्म की ते मोजायला विशेष युक्त्या लागतात. चिलीतील आल्मा या रेडिओ-दुर्बीणसंचाने २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या पृष्ठभागाच्या प्रतिमा घेतल्या आणि २०२४ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत या ताऱ्याच्या पृष्ठभागावर उकळणाऱ्या वायूचे प्रचंड बुडबुडे दिसतात. एकेक बुडबुडा सूर्याच्या सुमारे पंचाहत्तर पट. सुमारे महिनाभरात हे बुडबुडे वर येऊन खाली जातात, असे त्या प्रतिमांवरून कळले. भातावरच्या आधणासारखे दृश्य, पण एका ताऱ्यावर. आर डोराडूस बरेचदा नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेत असतो, त्यामुळे आर रेटिक्युली शोधणाराला तो खुणेचा दगड म्हणून उपयोगी पडतो.

रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण हे आजही हौशी माणसाला करता येण्यासारखे काम आहे. पद्धत सोपी आहे. ताऱ्याच्या जवळपास ज्यांच्या प्रती ठाऊक आहेत असे दोन तारे घ्यावेत, एक जरा तेजस्वी, एक जरा अंधुक, आणि आपला तारा या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो ते अजमावून तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली रूपविकारी तारे पाहणारांची संघटना जगभरातून अशा नोंदी गोळा करते. बंगालमधील जेस्सोरचे राधागोविंद चंद्र, हे खजिन्यात काम करणारे साधे कारकून, १९१९ ते १९५४ या काळात या संघटनेला सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवीत होते. पदवी नाही, वेधशाळा नाही. घरची दुर्बीण आणि अंगण एवढेच भांडवल.

आर रेटिक्युली मात्र महाराष्ट्रातून पाहणाराला थोडा चकवतो. वर्ष ३६५ दिवसांचे आणि त्याचे आवर्तन २७८ दिवसांचे, त्यामुळे त्याची परमावधी दरवर्षी त्याच ऋतूत येत नाही. एका जानेवारीत तो पूर्ण तेजात असेल, तर पुढच्या जानेवारीच्या सत्त्याऐंशी दिवस आधीच त्याची परमावधी होऊन गेलेली असते आणि तो उतरणीला लागलेला असतो. चार आवर्तने म्हणजे १,११२ दिवस. तीन वर्षांहून सुमारे सोळा दिवस जास्त. म्हणून दर तीन वर्षांनी परमावधी जवळजवळ त्याच दिवसांत परत येते, पंधरवड्याने पुढे सरकून. तो आपल्याकडून दिसतो तो हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्याच्या आरंभी तो सूर्यास्तानंतर लगेच क्षितिजाखाली जातो आणि पावसाळ्यात ढग असतात. या हिशेबाने तीन हिवाळ्यांत एखादाच असा येतो की परमावधी आणि ऋतू दोन्ही जुळतात. त्या हिवाळ्यात, अमावास्येच्या मागेपुढे, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला दक्षिणेकडे उघडा समुद्र असलेली एखादी जागा गाठावी. रोहिणी माथ्यावर येण्याच्या अर्धा तास आधी द्विनेत्री घेऊन बसावे, आर डोराडूस हेरावा, आणि तिथून एक अंश दक्षिणेला, क्षितिजापासून अकरा अंशांवर, तांबूस ठिपका शोधावा. सापडला तर प्रत अजमावून वहीत तारखेसह लिहावी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे.